पहिली खोबण रिकामी ठेवावी

मी, राग्ना ओलिन ब्रँडवॉल्ड, कै. सेल्मर ब्रँडवॉल्ड यांची पत्नी, वय त्र्याहत्तर, शिक्षण हायस्कूल पूर्ण, काम आयुष्यभर घरचं, राहणार थर्ड स्ट्रीट, टॉलन लेक, मिनेसोटा, देवाला स्मरून आणि शुद्धीवर असताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण सही गुडघ्यांनी करायची नसते. माझ्यावर कुणीही दबाव आणलेला नाही. दबाव आणायला घरात दुसरं माणूस लागतं, आणि ते बारा वर्षांपासून नाही.

गावातल्या वकिलाने टाइप केलेल्या मृत्युपत्राचे पंचाहत्तर डॉलर सांगितले. मी म्हटलं, "मला लिहिता येतं." तो म्हणाला, "मिसेस ब्रँडवॉल्ड, लोक स्वतः लिहायला बसले की फार लिहितात, मग गोंधळ होतो." मी फार लिहिणारच आहे. गोंधळ होऊ नये म्हणून आधीच सांगते, की या कागदात निकडीची गोष्ट एकच आहे. एक झिजलेला चांदीचा अर्धा डॉलर मला सापडायला हवा होता, तो सापडलेला नाही. माझ्यामागे तो कुणीतरी शोधावा यासाठी हा खटाटोप. बाकी घर, भांडी, पैसे हे सगळं रीतीप्रमाणे.

याआधी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही. व्यवस्थापक म्हणून माझा मुलगा आर्लन, राहणार कॅलिफोर्निया, याला नेमते. त्याला विमानाने यावं लागेल. तिकीट माझ्या पैशातून काढावं, पण बुधवारचं काढावं. शनिवारचं महाग असतं.

कलम १. देह. मला आमच्या लुथरन चर्चच्या दफनभूमीत सेल्मरशेजारी पुरावं. जागा घेऊन ठेवलेली आहे, पावती बायबलमध्ये आहे. ती सेल्मरच्या उजव्या हाताला आहे. डाव्या हाताचीही मिळत होती, पण उजवीकडची दहा डॉलरने स्वस्त पडली, कारण तिच्यावर स्प्रूसचं झाड वर्षभर गळत असतं. मला आता काय, गळू दे. पेटी साधी, पाइनची. फुलं नकोत. नंतर चर्चच्या तळघरात कॉफी आणि हॅमचे पाव द्यावेत. पावाला लोणी दोन्ही बाजूंना लावावं. ओले हाउगेन गेला तेव्हा एकाच बाजूला लावलं होतं आणि अजून लोक बोलतात.

सेल्मर एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या ऑक्टोबरात गेला. लोण्याच्या कारखान्यात, कामावर, उभ्याउभ्या. दफनाची व्यवस्था बघणारा माणूस दारात कागदाची पिशवी घेऊन आला. म्हणाला, "खिशातल्या वस्तू आहेत. चाकू, कंगवा, रुमाल, थोडी मोड." माझ्याने ती पिशवी हातात घेववेना. मी म्हटलं, "त्याचं आहे ते त्याच्या खिशातच परत ठेवा." तो "बरं" म्हणून गेला. चाकू चांगला होता, स्वीडनचा, चार डॉलरचा. पुढे त्या चाकूची मला चुटपुट लागली हे कबूल करते. देव क्षमा करो.

कलम २. घर. थर्ड स्ट्रीटवरचं घर आणि मागचं गराज आर्लनला. तो विकणार हे मला माहीत आहे. विकायच्या आधी बाथरूमचा नळ दुरुस्त करावा, गिऱ्हाईक तेवढ्याचेच दोनशे कमी करतं. आर्लन चांगला मुलगा आहे. दर रविवारी दुपारी फोन करतो, सात मिनिटं बोलतो. स्वयंपाकघरातलं घड्याळ फोनच्या समोरच आहे, म्हणून मला माहीत.

"आई, काय चाललंय?"

"काही नाही."

"नाण्यांचं मंडळ?"

"आहे."

"अगं, त्या नाण्यांत पैसे अडकवण्यापेक्षा जरा फिरून ये कुठे. इकडे ये."

"येईन."

हे आमचं दर रविवारचं. यात त्याचा दोष नाही. मी त्याला कधी काही सांगितलंच नाही, ते आता मेल्यावर सांगत आहे.

कलम ३. बटाट्याच्या पातळ पोळ्या, म्हणजे लेफ्सा, भाजायचा मोठा तवा, उलथणं आणि खाचांचं लाटणं शेजारीण इनेझ थोर्सन हिला द्यायचं होतं. परंतु इनेझ या कागदावर साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळालं तर कायद्याला ते आवडत नाही असं वकील म्हणाला. (हे मात्र त्याने फुकट सांगितलं.) म्हणून तवा मी काल तिच्या घरी नेऊन दिला. ती म्हणाली, "राग्ना, नाताळला तू लेफ्सा कशावर भाजणार?" मी म्हटलं, "एकटीसाठी कोण बटाटे किसतं?" तिने तवा आत नेला. तीही एकटीच आहे.

कलम ४. सेल्मरची हत्यारं हायस्कूलच्या सुतारकामाच्या वर्गाला. बर्फ कापायची लांब करवत गराजच्या भिंतीवर आहे ती तिथेच राहू द्यावी, ती कुणालाच नको असते. पण तिच्याबद्दल लिहायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यापासून सुरू होतं.

मंदीतल्या एका हिवाळ्यात, एकोणीसशे तेहेतीस साली, सेल्मर तळ्यावर बर्फ कापायला जायचा. एका आठवड्याच्या मजुरीत त्याला एक जुना अर्धा डॉलर आला. एका बाजूला कोलंबसाचं डोकं, दुसऱ्या बाजूला त्याचं गलबत. शिकागोच्या जत्रेसाठी पाडलेलं ते स्मारक नाणं. जत्रेत एक डॉलरला विकायला काढलेलं, पण मागणी संपल्यावर साध्या अर्ध्या डॉलरसारखं पीठमीठ घ्यायला वापरात आलेलं. सेल्मरने ते मोडलं नाही. आमचं लग्न व्हायचं होतं. तो माझ्या वडिलांच्या ओसरीवर बसून म्हणाला, "राग्ना, हे खिशात आहे तोवर आपण बुडालो नाही. काहीही झालं तरी हे मोडायचं नाही." माझे वडील आतून ओरडले, "अर्ध्या डॉलरवर मुलगी मागतोय बघा!" पण दिली.

पुढच्याच महिन्यात करवत घसरली आणि उजव्या मांडीवर आली. खिशातल्या या नाण्याच्या काठावर बसली. काठाला, गलबताच्या डाव्या अंगाला, तांदळाएवढी खाच पडली. मांडी वाचली.

त्यानंतर तेहेतीस वर्षं ते नाणं त्याच्या उजव्या खिशात होतं. चर्चमध्ये, रांगेत, डॉक्टरकडे, कुठेही उभा असला की त्याचा हात खिशात आणि अंगठा नाण्यावर. तो फक्त एकच बाजू घासायचा. त्यामुळे कोलंबसाचा चेहरा पार पुसून गेला, नाक नाही, डोळा नाही, आणि मागचं गलबत मात्र दोऱ्यांसकट दिसायचं. असं एका अंगाने झिजलेलं नाणं मी दुसरं पाहिलेलं नाही. आणि मी पुष्कळ पाहिली आहेत.

कलम ५. चांदीची जुनी स्मारक नाणी, नग एकोणपन्नास, निळ्या अल्बममध्ये, बँकेच्या लॉकरमध्ये. किल्ली साखरेच्या डब्यात.

ही सगळी मी एकटीने जमवली. अंड्यांच्या पैशातून, दुसऱ्यांच्या परकरांना काठ घालून आणि एक ओव्हरकोट सतरा वर्षं वापरून. अठराशे ब्याण्णव ते एकोणीसशे चोपन्न या काळात सरकारने जेवढ्या प्रकारची पाडली, त्या प्रत्येक प्रकारातलं एक, असा पन्नासांचा संच होतो. ज्यांना प्रत्येक साल आणि प्रत्येक टांकसाळ वेगळी हवी, त्यांना एकशे चव्वेचाळीस लागतात. ते विधुरांचं काम आहे.

पन्नास म्हणजे थोडी वाटतात. पहिली तीस आठ वर्षांत झाली. पुढच्या एकोणिसांना वीस वर्षं लागली. तेच चित्र, तेच बैल, तीच गाडी, खाली साल तेवढं बदललेलं, आणि विकणारा म्हणणार की हे वेगळं. लाफायेतचा डॉलर मी घेतला तो कुणीतरी भांड्यासारखा घासलेला निघाला. माझ्या भिंगाखाली तो चकाकत होता आणि मला तेव्हा कळलं नाही. तोट्यात विकून दुसरा घेतला. आमच्या मंडळात मंगळवारी चौदा पुरुष आणि मी. सगळेच एकमेकांच्या मरणाची वाट बघत असतात, वाईट भावनेने नव्हे. ओले हाउगेनच्या दफनात मागच्या बाकावर कुजबूज चालली होती, "त्याच्या हडसनचं काय होणार?" मी पुढे बघून भजन म्हणत होते. हडसनचं नाणं मीच घेतलं, तिसऱ्या दिवशी त्याच्या बायकोकडून, आणि सोबत केक नेला होता.

शेवटचं हवाईचं. त्याची किंमत ऐकून सेल्मर म्हणाला, "राग्ना, एवढ्यात नवा फ्रीज येतो."

"फ्रीज आहे आपल्याकडे."

"तो माझ्यापेक्षा मोठ्याने घोरतो."

"मग दोघं एकमेकांना सोबत करा."

तो हसला. हवाईचं नाणं एकोणीसशे त्र्याहत्तरच्या एप्रिलमध्ये आलं आणि पन्नास पुरी झाली. फ्रीज अजून तोच आहे.

कलम ६. पहिली खोबण. पन्नासांत सगळ्यात पहिलं आणि सगळ्यात सोपं नाणं म्हणजे तेच, कोलंबसाचं. कुठल्याही दुकानात मिळतं. माझ्या अल्बमची पहिली खोबण बरीच वर्षं रिकामी होती, कारण सोपं म्हणून मी ते मागे ठेवत गेले. सहासष्ट साली लग्नाच्या वाढदिवसाला सेल्मरने खिशातून आपलं नाणं काढलं आणि स्वतःच्या हाताने त्या खोबणीत दाबून बसवलं. "घे. पहिलंच घर रिकामं कशाला?" मी म्हटलं, "आणि बुडालो तर?" तो म्हणाला, "आता काय बुडतोय!"

दोन वर्षं ते तिथे होतं. आणि मग मी जे केलं ते नाणी जमवणाराच करू जाणे. मंडळाच्या प्रदर्शनात माझ्या अल्बमला लाल फीत मिळाली, म्हणजे दुसरा नंबर. परीक्षकाने कार्डावर लिहिलं होतं, पहिलं नाणं संचाच्या प्रतीला शोभत नाही. मी घरी येऊन पाहिलं. चमकणाऱ्या रांगेत ते किडक्या दातासारखं दिसत होतं. आमच्यात याला वरची प्रत घेणं म्हणतात. सगळे घेतात. हलकं द्यायचं, वर पैसे घालायचे, चांगलं आणायचं. त्यात कुणाला काही वाटत नाही.

अडुसष्टच्या मार्चमध्ये मी मेन स्ट्रीटवरच्या वेंडेल क्रॉसच्या दुकानात गेले. तो घड्याळं दुरुस्त करतो आणि एका काचेखाली नाणी विकतो. त्याने सेल्मरच्या नाण्याचे दोन डॉलर धरले. "काठाला खाच आहे, राग्ना, जास्त देता येत नाही." मी वर पैसे घातले आणि कोरंकरकरीत कोलंबस आणला. त्याला नाक होतं, डोळा होता, सगळं होतं.

रात्री जेवताना मी अल्बम उघडून सेल्मरपुढे ठेवला. त्याने पहिल्या खोबणीकडे बघितलं. बराच वेळ. मग म्हणाला, "छान चकाकतंय." आणि बटाटे मागितले.

पुढच्या वर्षी निळी, पहिल्या नंबरची फीत मिळाली. ती कपाटाच्या वरच्या खणात आहे. ती कुणाला देऊ नये, टाकून द्यावी.

सेल्मर मला कधी काही बोलला नाही. परंतु त्या आठवड्यापासून त्याचा हात परत उजव्या खिशात जायला लागला. नाणं अल्बममध्ये होतं ती दोन वर्षं कधी गेला नव्हता. चर्चमध्ये उभं राहिलं की खिशाच्या कापडाखाली अंगठा हलताना दिसायचा. रिकाम्या खिशात. सहा वर्षं मी त्याच्या शेजारी उभी राहून ते बघितलं. रविवारच्या पापकबुलीत सगळे आपापलं आठवत असतील, मला त्या हलणाऱ्या अंगठ्याशिवाय काही आठवायचं नाही. एकदाही मी म्हटलं नाही, की सेल्मर, माझं चुकलं. म्हणेन म्हणेन म्हणता तो गेला.

तो गेल्यावर पुढच्या रविवारी मी तो चकाकणारा कोलंबस खोबणीतून काढला आणि चर्चच्या दानाच्या ताटात टाकला. पन्नासांचा माझा संच अठरा महिने पुरा होता.

मंडळातल्या लोकांना वाटतं मी कंजूष आहे. हवाई घेतलं आणि कोलंबसाला पैसे सुटत नाहीत! माझ्या सत्तराव्या वाढदिवसाला त्यांनी वर्गणी काढून मला एक कोलंबस दिला, केकवर ठेवून. तोही ताटात गेला. सोमवारी पास्टर दारात हजर.

"मिसेस ब्रँडवॉल्ड, हे चुकून पडलं का? खजिनदार म्हणतात जुनं आहे."

"चुकून नाही."

"याचे पैसे जास्त येतील म्हणतात."

"मग छपराला लावा."

छपराला लावले. गळतं अजून.

कलम ७. शोध. बारा वर्षं मी ते नाणं शोधत आहे. दर प्रदर्शनात, दर दुकानात, झिजलेल्या कोलंबसांच्या पेट्या उपसल्या. मंडळात वदंता उठली, की मिसेस ब्रँडवॉल्डला कोलंबसाचा काहीतरी दुर्मिळ प्रकार ठाऊक आहे. मग तेही सगळे भिंगं घेऊन झिजके कोलंबस उपसू लागले. मी त्यांना खरं सांगितलं नाही. काय सांगायचं?

एकोणीसशे ऐंशीच्या जानेवारीत चांदीचा भाव कधी नव्हे इतका चढला. महामार्गावरच्या मोटेलात एक माणूस वजनकाटा घेऊन बसला आणि लोक आज्यांचे चमचे घेऊन बर्फात रांगेत उभे राहिले. झिजलेली नाणी तो बादलीत टाकायचा, आणि संध्याकाळी बादल्या वितळवायला जायच्या. मी तिथे गेले.

"आजी, काय विकायचंय?"

"विकायचं नाही. बघायचंय. ती बादली जरा उपडी करता?"

"बादली उपडी! अहो, मागे रांग बघा!"

मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, नवरा हरवलाय का बादलीत?" सगळी रांग हसली.

मी म्हटलं, "हो."

त्यानंतर कुणी हसलं नाही. तिसऱ्या दिवशी त्या माणसाने मला खुर्ची दिली. चार दिवस मी बादल्या चाळल्या. बोटं काळी झाली. सापडलं नाही. माझ्याआधी किती बादल्या गेल्या ते देव जाणे.

म्हणून लिहिते, की माझी एकोणपन्नास नाणी एकत्र लिलावाला द्यावीत, आणि पहिली खोबण रिकामी ठेवावी. लिलाववाला म्हणेल की तिथे एखादा कोलंबस बसवतो, संच पुरा दिसेल, भाव वाढेल. बसवू देऊ नये. आलेल्या पैशातून पाचशे डॉलर आर्लनने बाजूला काढावेत आणि नाण्यांच्या साप्ताहिकात दहा वर्षं लहानशी जाहिरात द्यावी: कोलंबसाचा अर्धा डॉलर, चेहरा पूर्ण पुसलेला, गलबत स्पष्ट, गलबताच्या डाव्या काठाला तांदळाएवढी खाच. आणून देणाऱ्यास दोनशे डॉलर. सापडलं तर सेल्मरच्या दगडाखाली पुरावं. आर्लन, हे तुला वेडेपणाचं वाटेल. तरी कर.

कलम ८. वेंडेल क्रॉस यांना काहीही नाही. भिंगसुद्धा नाही.

सेल्मर गेल्यावर तीन आठवड्यांनी मी त्यांच्या दुकानात गेले होते. विचारलं, "ते नाणं कुठे आहे?" ते घड्याळात डोकं घालून म्हणाले, "माझ्याकडे नाही."

"कुणाला विकलंत?"

"गिऱ्हाइकाचं नाव मी सांगत नसतो."

नाण्यांच्या धंद्यात ही रीत आहे, मला माहीत आहे. पण विधवेला तोंडावर रीत सांगायची नसते. त्या दिवसापासून ते माझ्यासाठी मिस्टर क्रॉस झाले. मंडळात मी त्यांच्यापासून चार खुर्च्या सोडून बसते.

साक्षीदार म्हणून मी मुद्दाम त्यांनाच बोलावलं आहे. साक्षीदाराला काही मिळत नाही हे एक. आणि दुसरं, की हे कलम त्यांच्या तोंडावर वाचून दाखवायचं आहे.

कलम ९. बचत. बँकेतली शिल्लक दफनाचा खर्च वजा जाता निम्मी आर्लनला, निम्मी चर्चच्या छपराला. डब्यातली साखर इनेझने वापरली तर चालेल, साखर काही मृत्युपत्रातून मिळालेली नव्हे.

कलम १०. हे कलम सहीच्याच दिवशी, साक्षीदार समोर बसलेले असताना लिहीत आहे. अक्षर बिघडलं आहे. कागद बदलणार नाही.

मिस्टर क्रॉस तीन वाजता आले. टोपी हातात, बूट दारात काढलेले. इनेझने कॉफी ओतली. मी म्हटलं, "सही करण्याआधी तुमच्याबद्दल काय लिहिलंय ते ऐका," आणि सहापासून आठपर्यंत वाचलं. ते मान खाली घालून ऐकत होते. बादल्यांचं वाचलं तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला.

"तू ते शोधत होतीस?"

"मग काय शोधत होते वाटलं?"

"मला वाटलं दुर्मिळ प्रकार. मीही चाळत होतो, सगळ्यांसारखा." मग म्हणाले, "राग्ना, तू नाणं देऊन गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी, शनिवारी, सेल्मर आला होता. त्याने काचेवर दोन डॉलर ठेवले. म्हणाला, ते माझं दे. मी दोनलाच दिलं. एक सेंट नफा घेतला नाही, शपथेवर सांगतो."

इनेझ म्हणाली, "पुढे बोला ना."

"तो म्हणाला, तिला सांगू नकोस. तिचा अल्बम चकाकतोय, चकाकू दे. मी शब्द दिला."

मी म्हटलं, "खोटं. मी धुण्याआधी त्याचा प्रत्येक खिसा तपासायचे. अर्धा डॉलर कधी निघाला नाही."

"रात्री बुटात ठेवायचा. म्हणायचा, ती खिसे बघते, बूट बघत नाही."

हे खरं आहे. बूट तो स्वतः पुसायचा.

"जायच्या आधीच्या शुक्रवारी घड्याळाचा पट्टा बदलायला आला होता," मिस्टर क्रॉस म्हणाले. "काचेवर नाणं टणकन आपटलं आणि म्हणाला, वेंडेल, अजून बुडालो नाही. हसत गेला. मंगळवारी बातमी आली."

"मग मी विचारायला आले तेव्हा का नाही सांगितलं?"

"शब्द दिला होता. आणि तू विचारलंस ते असं, की मी जणू चोर आहे. मीही ताठलो. पुढे वाटलं, तुला त्याच्या खिशात सापडलंच असेल."

खिशात. चाकू, कंगवा, रुमाल, थोडी मोड. इनेझने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिला पिशवीचं माहीत नव्हतं, मी कुणालाच सांगितलेलं नाही. आता पहिलं कलम तिलाही वाचून दाखवलं, आणि त्यांनाही.

फ्रीज तेवढा घोरत होता.

सहा वर्षं मी त्या अंगठ्याकडे बघत होते आणि त्याच्याखाली नाणं होतं. सेल्मर, एकदा तरी मला दाखवायचं होतंस. मीही एकदा तरी विचारायला हवं होतं. दोघांनी जपलं ते जपलं, पण एकमेकांपासून.

तेव्हा पुढील फेरफार पूर्ण शुद्धीत करते.

सातव्या कलमातल्या जाहिरातीवर रेघ मारली आहे, बाजूला माझी आद्याक्षरं आहेत. आर्लनने काही शोधू नये. ते पाचशे डॉलर त्याने फोनच्या बिलात घालावेत आणि रविवारी इनेझला फोन करावा. सात मिनिटं पुरतात.

आठव्या कलमातलं पहिलं वाक्य कायद्यामुळे तसंच राहील. बाकीचं मी मागे घेते. भिंग मात्र मी आत्ताच, जिवंत हाताने, वेंडेलच्या कोटाच्या खिशात टाकलं आहे. तो नको म्हणत होता.

नाणी एकोणपन्नासच विकावीत आणि पहिली खोबण रिकामीच ठेवावी. लिलाववाला म्हणेल संच अपुरा आहे. त्याला सांगावं, की पुरा आहे, एक नग दुसरीकडे ठेवलेला आहे.

पहिलं कलम जसंच्या तसं राहील. सेल्मरला त्याच्या जागेवरून हलवू नये, काही उकरू नये. मला त्याच्या उजव्या हाताला ठेवावं. मी दहा डॉलर वाचवले म्हणून घेतलेली जागा, पण खिसा त्याच बाजूला आहे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोघा साक्षीदारांसमोर आज सही केली. देव या घरावर कृपा ठेवो, ज्यात आज तीन कप धुवायचे आहेत.

(सही) राग्ना ओलिन ब्रँडवॉल्ड

आम्ही खाली सही करणारे सांगतो, की राग्ना ब्रँडवॉल्ड यांनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली, त्या पूर्ण भानावर होत्या, आणि या कागदातून आम्हाला काहीही मिळत नाही.

साक्षीदार १: (सही) इनेझ थोर्सन, थर्ड स्ट्रीट, टॉलन लेक

साक्षीदार २: (सही) वेंडेल क्रॉस, घड्याळजी, मेन स्ट्रीट, टॉलन लेक

(दुसरी सही वाकडी आली आहे. वेंडेल चष्मा पुसत होता आणि तो न लावताच त्याने सही केली. ती त्याचीच आहे. रा. ब्रँ.)

स्थळ: टॉलन लेक, मिनेसोटा
दिनांक: १४ नोव्हेंबर १९८६, शुक्रवार